परवानाने केस कापले तेव्हा: काबूलच्या एका मुलीची गोष्ट

इयरफोन नीट लावा, आज आपण काबूलच्या बाजारात जाणार आहोत. १९९० च्या दशकाची अखेर.

रस्त्याकडेला एक माणूस बसलाय. शाळेवर बॉम्ब पडला त्यात त्याचा अर्धा पाय गेला. पूर्वी तो इतिहास शिकवायचा, आता लोकांना पत्रं वाचून आणि लिहून देतो. त्याच्या मागे अकरा वर्षांची मुलगी, चादरीत तोंड लपवून. ही परवाना. डेबोरा एलिस या कॅनेडियन लेखिकेच्या 'द ब्रेडविनर' या मुलांच्या कादंबरीची नायिका. पुस्तक २००० साली आलं, मराठीतही त्याचा अनुवाद झालाय. ब्रेडविनर म्हणजे आपल्याकडे ज्याला घरचा कर्ता म्हणतात तो.

२७ सप्टेंबर १९९६ ला तालिबानने काबूल घेतलं. मुलींच्या शाळा बंद. बायकांच्या नोकऱ्या बंद. घरातला पुरुष सोबत असल्याशिवाय बाईने रस्त्यावर यायचं नाही. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे असा नियम ऐकला की पहिला प्रश्न सुचतो तो एज केसचा: ज्या घरात पुरुष उरलाच नाही, तिथे काय? आणि काबूलमध्ये ही काही एखाद-दुसरी केस नव्हती. जवळपास वीस वर्षं चाललेल्या युद्धाने विधवा झालेल्या हजारो बायका त्या शहरात होत्या.

परवानाच्या घरी हेच होतं. वडील इंग्लंडमध्ये शिकले, एवढ्या कारणावरून त्यांना उचलून नेतात. मोठा भाऊ आधीच भूसुरुंगाने गेलेला. आई शिकलेली, रेडिओसाठी लिहिणारी, पण घरात बसलेली. मोठी बहीण आणि दोन लहानगी. पीठ संपतं, मग परवानाचे केस कापतात आणि मेलेल्या भावाचे कपडे तिच्या अंगावर चढतात. बाहेरच्या जगासाठी ती आता कासीम.

तुम्ही म्हणाल, हे जरा फिल्मी आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण एलिसबाई नव्वदच्या दशकात पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत जाऊन अफगाण बायकांशी बोलत होत्या. तिथेच त्यांना कळलं की एका मुलीने केस कापून, मुलगा बनून घर चालवलं होतं. शिवाय ही चाल तालिबानच्याही आधीची. मुलगा नसलेली काही अफगाण कुटुंबं एखाद्या मुलीला मुलासारखं वाढवतात. दरी भाषेत त्याला 'बचा पोश' म्हणतात. सहसा ती वयात येईपर्यंतच हे चालतं.

बाहेरच्या लेखिकेने अफगाण मुलींची गोष्ट का सांगावी, असा आक्षेप घेतला जातो. अशा गोष्टी पुढे युद्धाचं समर्थन करायला वापरल्या गेल्या, असंही म्हणतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण हे पुस्तक ११ सप्टेंबर २००१ च्या आधीचं आहे, आणि त्यात तालिबानी म्हणजे नुसता राक्षस नाही. एक प्रसंग तर मी थांबून पुन्हा वाचला. एक तालिबानी शिपाई या 'मुलाकडे' पत्र घेऊन येतो. त्याला वाचता येत नाही. पत्र त्याच्या मेलेल्या बायकोच्या सामानात सापडलेलं. परवाना वाचत जाते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. तो पैसे देतो आणि निघून जातो. मुलींच्या शाळांना कुलूप लावणाऱ्या फौजेतला माणूस, आणि बायकोच्या सामानातलं पत्र त्याच्यापर्यंत पोहोचतं ते एका मुलीच्या तोंडून. लेखिका यावर एक वाक्यही भाष्य करत नाही. बरंच केलं.

बाजारात परवानाला शौझिया भेटते. वर्गातली जुनी मैत्रीण, तीही मुलाच्या वेशात चहा विकणारी. जास्त पैशांसाठी दोघी कबरी उकरून हाडं गोळा करतात. मुलांच्या पुस्तकात हे आहे, होय! निरोप घेताना दोघी ठरवतात: वीस वर्षांनी, वसंताच्या पहिल्या दिवशी, पॅरिसला आयफेल टॉवरवर भेटायचं.

२००० साली लिहिलेली ती वीस वर्षं आता वेगळीच वाटतात. २००१ च्या अखेरीस तालिबानची सत्ता गेली, मुली शाळेत परतल्या. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये. पुढच्याच वर्षी एलिस यांनी मोठ्या झालेल्या परवानाची गोष्ट लिहिली, 'वन मोअर माउंटन'.

अफगाणिस्तानात वसंताचा पहिला दिवस म्हणजे नवरोज, साधारण २१ मार्च. त्यानंतर शाळेचं नवं वर्ष सुरू होतं. २३ मार्च २०२२ ला सहावीच्या वरच्या मुली दप्तरं घेऊन शाळेत गेल्या. शाळा उघडणार असं सांगितलेलं होतं. त्याच सकाळी त्यांना घरी पाठवलं.

सहावीपर्यंतच्या मुलींना मात्र शाळेत बसू दिलं जातं. म्हणजे अकरा वर्षांची परवाना आज कदाचित वर्गात असती. पुढच्या वर्षी नसती.