घरच्या वर्कशॉपसाठी पहिलं वेल्डिंग मशीन कसं निवडायचं?

गेटची बिजागरी तुटते, कूलरला स्टँड हवा असतो, गच्चीवरच्या शेडचा पाइप निसटतो. काम अर्ध्या तासाचं असतं, पण तेवढ्यासाठी वेल्डर मिळत नाही. मग स्वतःचंच मशीन घ्यायचं ठरतं आणि समोर आकडे येतात: २००, २५०, ३०० अँपिअर. आकडा जितका मोठा तितकं मशीन चांगलं, असा समज होतो. घरच्या वापरासाठी मात्र निवड सुरू होते ती भिंतीवरच्या प्लगपासून.

आर्क, मिग की टिग?

आर्क वेल्डिंगमध्ये होल्डरला रॉड लावून काम होतं. गॅस सिलिंडर लागत नाही, रॉड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि थोडाफार गंज असलेल्या लोखंडावरही काम चालतं. मिगमध्ये वायर आपोआप पुढे सरकते. पातळ पत्र्याला ते सोयीचं असतं, पण बहुतेक वेळा गॅस सिलिंडर लागतो आणि उघड्यावर वाऱ्याने गॅस उडून जातो. टिगने स्टीलचं काम सुबक होतं, मात्र हात बसायला वेळ लागतो आणि आर्गॉनचा खर्च वेगळा. ग्रिल, गेट, स्टँड, अँगल अशी कामं असतील, तर पहिलं मशीन आर्कचंच घ्यावं.

ट्रान्सफॉर्मर की इन्व्हर्टर?

जुनी ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतात, पण वजनाला भारी आणि वीज जास्त खाणारी. त्यांतली बरीचशी घरगुती सिंगल फेजवर चालतही नाहीत. इन्व्हर्टर मशीन काही किलोंचं असतं, उचलून नेता येतं आणि डीसी करंट देत असल्याने नवख्यालाही आर्क धरणं सोपं जातं. धूळ आणि लोखंडाचा कीस मात्र त्याला सोसत नाही. ग्राइंडर त्याच्या शेजारी चालवू नये.

प्लगचं गणित

घरातला मोठा पॉवर प्लग १६ अँपिअरचा असतो. २.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर वेल्डिंग करंट लागतो. हा करंट कमी व्होल्टेजवर असतो, त्यामुळे ८० अँपिअरवर काम करताना मशीन भिंतीतून साधारण १२ ते १५ अँपिअर ओढतं. म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगमध्ये काम बसतं. ३.१५ मिमी रॉडसाठी करंट १२० अँपिअरपर्यंत नेला, तर तीच ओढ २० अँपिअरच्या पुढे जाऊ शकते. २०० अँपिअरवर ती ३० ते ४० होते. एवढा भार घरच्या प्लगला झेपत नाही: एमसीबी पडते किंवा वायर तापते.

त्यामुळे वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा आणि इलेक्ट्रिशियनकडून मशीनसाठी वेगळी लाइन, योग्य एमसीबी आणि अर्थिंग करून घ्यावं. बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन टाळावं. गुंडाळी न सोडता वापरलेली वायर आतल्या आत तापून वितळू शकते.

खोक्यावरचा आकडा आणि पाटीवरचा आकडा

मशीनच्या मागच्या पाटीवर ‘ड्युटी सायकल’ लिहिलेली असते. १६० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दर १० मिनिटांत ६ मिनिटं काम आणि ४ मिनिटं विश्रांती. खोक्यावर मोठ्या अक्षरात २५० आणि पाटीवर काहीच नाही, असं मशीन घेऊ नये. चौकोनी पाइप आणि अँगलच्या घरगुती कामाला पाटीवरचे खरे १४० ते १६० अँपिअर पुरतात. गावाकडे व्होल्टेज खाली जात असेल, तर मशीन किती व्होल्टपर्यंत चालतं हेही पाटीवर पाहावं. दुरुस्ती जवळपास होते का, हेही विचारून घ्यावं.

बजेटमधले पहिले पैसे सुरक्षेला

आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि पाणी वाहतं. अशा वेळी घरगुती उपाय म्हणून डोळ्यांत काहीही न घालता डॉक्टरकडे जावं. साधा गॉगल चालत नाही; १० किंवा ११ नंबर शेडची काच असलेलं हेल्मेट हवं. चामड्याचे हातमोजे, जाड सुती कपडे आणि बंद बूटही हवेत. काम सुरू असताना लहान मुलं बघत उभी राहतात, त्यांना आधी आत पाठवावं.

जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जळून निघणारा पांढरा धूर श्वासात गेला, तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येऊ शकतो. त्यामुळे वेल्डिंगच्या जागेवरचा थर आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावं. पेट्रोलची टाकी किंवा तेलाचा ड्रम रिकामा दिसला तरी त्यावर वेल्डिंग करू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. ओल्या जमिनीवर किंवा भिजलेल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नये.

सुरुवात कुठून करावी?

मशीन आल्यावर थेट गेटला हात लावू नये. भंगारातली ३ मिमी जाडीची पट्टी, २.५ मिमीचे ६०१३ रॉड आणि काही दिवसांचा सराव एवढ्याने हात बसतो. ज्यावर माणसाचा भार येणार आहे, असे जिने, झोपाळे आणि गॅलरीचे कठडे मात्र अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. तिथे कच्चा टाका सुटला, तर किंमत लोखंडापुरती राहत नाही.