देणगी आणि हक्क



आपल्याकडील जुन्या विहिरींवर, धर्मशाळांवर किंवा नदीच्या घाटांवर बांधणाराच्या नांवाची एखादी शिला बसविलेली असते. कोणी बांधलें, कोणाच्या स्मरणार्थ बांधलें, शक कोणता, हें सारें तिच्यावर कोरलेलें आढळतें. त्या विहिरीचें पाणी कोणाला मिळावयाचें आणि कोणाला नाहीं, हें मात्र कोणत्याहि शिलेवर लिहिलेलें मीं पाहिलेलें नाहीं. तें लिहिण्याची गरजच नव्हती. सगळ्या गांवाला तें पाठ होतें.

महाराष्ट्रांत अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या समान हक्कांसाठीं विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत जी चळवळ झाली, तिची हकीगत सभा, ठराव व पुढारी यांच्या अंगानें पुष्कळ वेळां सांगितली गेली आहे. आज मी ती पैशाच्या अंगानें सांगणार आहें. मास्तरकींत जन्म गेलेल्या माणसाला जमाखर्चाची वही उलटून पाहण्याची खोड असते, ती श्रोत्यांनीं क्षमा करावी. या चळवळीला पैसा कोणी दिला, कोणत्या कामासाठीं दिला, आणि कोणत्या कामासाठीं हात आंखडता घेतला, हें पाहूं लागलें म्हणजे ओळखीचा इतिहास जरा निराळा दिसूं लागतो.

आरंभ विठ्ठल रामजी शिंदे यांच्यापासून करावा लागतो. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत १९०१ ते १९०३ या काळांत धर्मशास्त्राचा अभ्यास करून ते परत आले आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाचें प्रचारकाचें काम त्यांनीं पत्करलें. १८ ऑक्टोबर १९०६ या दिवशीं परळ येथें त्यांनीं एक मंडळी स्थापन केली. अध्यक्ष न्यायमूर्ति नारायणराव चंदावरकर. पहिली मोठी देणगी शेठ दामोदरदास सुखडवाला यांची, एक हजार रुपयांची. त्या रकमेवर गिरणगांवांत शाळा निघाली. पुढें मुंबईबाहेर शाखा निघाल्या, वसतिगृहें निघालीं. पुण्यांतील अहल्याश्रमाला इंदूरच्या होळकर महाराजांचें साहाय्य झालें. शिंदे यांनीं स्वतःचें घर या कामांत घातलें. त्यांची बहीण जनाबाई यांनीं तर त्यांत आयुष्य वेंचलें. या माणसाच्या त्यागाविषयीं दोन मतें होण्याचें कारण नाहीं.

पण संस्थेच्या मराठी नांवाकडे लक्ष द्या: ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. ज्याला आश्रय नाहीं तो निराश्रित. आश्रय कोणीं काढून घेतला, हा प्रश्न त्या शब्दांत उद्भवत नाहीं. देणाराला असा शब्द सोयीचा असतो. शेटजींनीं शाळेला पाटी-पुस्तकें द्यावींत, संस्थानिकांनीं वसतिगृहाला लांकूड-विटा द्याव्यात, आणि गांवची विहीर मात्र होती तशी रहावी, यांत कोणाला विसंगति वाटत नसे. शिंदे यांना ती वाटत होती, हें त्यांच्या एकंदर कार्यावरून उघड आहे; पण संस्था चालवावयाची म्हणजे वर्गणीदार संभाळावे लागतात. मंडळीच्या कारभारांत आपला हात असावा, अशी मागणी त्या समाजांतील तरुण करूं लागले होते. १९२३ सालीं शिंदे यांनीं मंडळीचीं सूत्रें खालीं ठेवलीं.

दानाची मर्यादा कोठें येते, याचें याहून झोंबणारें उदाहरण बडोद्याचें आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकानें भीमराव आंबेडकर नांवाच्या तरुणाची गांठ सयाजीराव महाराजांशीं घालून दिली. (हा एक शाळामास्तर या इतिहासांत नसता तर पुढचें कांहीं घडलें असतें कीं नाहीं कोण जाणे; जातिभाईचा अभिमान म्हणून एवढें बोलून घेतों.) महाराजांनीं बी. ए. साठीं दरमहा पंचवीस रुपये दिले, आणि १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली. अट एवढीच कीं परत आल्यावर दहा वर्षें बडोद्याची नोकरी करावी. अट रास्त होती. १९१७ सालीं आंबेडकर ती पुरी करण्यासाठीं बडोद्यास गेले. राजाच्या पदरची हुद्याची नोकरी होती. पण त्या शहरांत त्यांना भाड्यानें खोली मिळेना. पारशी धर्मशाळेंत नांव बदलून राहिले, तेथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं हुसकून काढलें, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून ते मुंबईस परतले. देशांतल्या अत्यंत उदार राजांपैकीं एकाची कृपा न्यूयॉर्कपर्यंत पोंचली होती. त्याच्या स्वतःच्या राजधानींतल्या एका खोलीच्या दारापर्यंत ती पोंचली नाहीं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांची देणगी मला निराळ्या जातीची वाटते. १९०८ सालीं त्यांनीं कोल्हापुरांत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह काढलें, तें त्या काळच्या रीतीला धरूनच होतें. पण १९१९-२० च्या सुमारास आंबेडकरांची गांठ पडल्यावर त्यांनीं अडीच हजार रुपये दिले ते वसतिगृहासाठीं नव्हत, वर्तमानपत्रासाठीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. आंबेडकर त्या वेळीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नांव पांडुरंग नंदराम भटकर यांचें; लेखणी आंबेडकरांची. ‘केसरी’नें या पत्राची जाहिरात पैसे घेऊनहि छापली नाहीं असें सांगतात. वसतिगृहांतला विद्यार्थी देणाराचे आभार मानतो. वर्तमानपत्र तसें बांधील नसतें, तें उद्यां देणाराच्याच जातीवर, त्याच्याच दरबारावर लिहूं शकतें. हें ठाऊक असून शाहू महाराजांनीं पैसे दिले. त्याच वर्षीं मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत, तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा अर्थाचें त्यांनीं जमलेल्या लोकांना सांगितलें. म्हणजे देणारानें स्वतः बाजूला सरून पुढारीपणाची जागा मोकळी केली. असा दाता विरळा. आंबेडकर लवकरच शिक्षण पुरें करण्यासाठीं लंडनला गेले. त्या खर्चासाठीं स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राचें पांच हजारांचें कर्ज आणि महाराजांचें कांहीं साहाय्य, अशी जुळवाजुळव होती. पत्र १९२३ सालीं बंद पडलें. शाहू महाराज त्याच्या आदल्या वर्षींच वारले होते.

इंग्लंडहून परतल्यावर २० जुलै १९२४ रोजीं आंबेडकरांनीं जी सभा स्थापिली तिचें नांव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. निराश्रित हा शब्द जाऊन बहिष्कृत आला. बहिष्कार घालणारा कोणी तरी असल्याशिवाय कोणी बहिष्कृत होत नाहीं. अठरा वर्षांत झालेला बदल या एका शब्दांत दिसतो. सभेची रचनाहि पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निस्सिम, रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशीं वजनदार नांवें. पण कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ति तुळशीराम जाधव. प्रतिष्ठितांची पत वर, किल्ल्या खालीं. १९२५ च्या जानेवारींत सोलापुरास वसतिगृह निघालें, म्हणजे जुनें काम सोडलें नव्हतें. तिजोरीची किल्ली मात्र आतां ज्यांचें काम त्यांच्या कमरेला होती.

आतां विहिरीकडे वळूं. सीताराम केशव बोले यांनीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळांत ठराव मंजूर करून घेतला कीं सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत. तीन वर्षांनीं त्यांनीं दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका हें पाळणार नाहींत त्यांचें सरकारी अनुदान थांबवावें. बोले यांना जमाखर्च कळत होता! महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें झाल्याचा ठराव कागदावर केला. तळ्याचें पाणी जसेंच्या तसें राहिलें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडला परिषद भरली. हजारों माणसें पायीं आलीं. या परिषदेच्या खर्चांतील एक रकम मला कधीं विसरतां येत नाहीं: पाणी, रुपये चाळीस. तळें समोर, ठराव मंजूर, आणि परिषदेला लागणारें पाणी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावें लागलें. दुसऱ्या दिवशीं आंबेडकरांच्या मागोमाग ती सारी मंडळी तळ्यावर गेली आणि ओंजळीनें पाणी प्यालीं. त्यानंतर जेवणावर बसलेल्या, गांवाकडे परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. तळ्यांत पंचगव्याचे घडे ओतून त्याची शुद्धि करण्यांत आली. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरवावयाची तर मांडवाला जागा कोणी देईना. जागा दिली ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें. या सबंध इतिहासांत जमिनीच्या देणग्या पुष्कळ आहेत. पण गांवाचा रोष पत्करून दोन-तीन दिवसांसाठीं दिलेली ही उघडी जागा मी त्या सर्वांच्या वर मांडतों.

१२ डिसेंबर १९२७ रोजीं स्पृश्यांनीं दिवाणी दावा लावला: तळें खाजगी आहे, अस्पृश्यांना मनाई व्हावी. दावा म्हणजे पुन्हां खर्च. पण प्रतिवादींत स्वतः आंबेडकर होते, आणि ते बॅरिस्टर होते. एप्रिल १९२७ मध्यें निघालेलें ‘बहिष्कृत भारत’ हें पत्र मदतनीस ठेवण्याची ऐपत नसल्यामुळें ते बहुतांशीं एकहातीं लिहीत, तेंहि नोव्हेंबर १९२९ मध्यें थांबलें. शाळेला देणारे होते. भांडणाला देणारे फार थोडे होते.

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणें १९३२ सालीं निघाला. पुणें करारानंतर ३० सप्टेंबरला मुंबईस अस्पृश्यतानिवारणासाठीं अखिल भारतीय संस्था उभी राहिली. तीच पुढें हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. पैशाची अडचण नव्हती. गांधीजींनीं १९३३-३४ सालीं देशभर दौरा केला त्यांत सुमारें आठ लाख रुपये जमले. आंबेडकर तिसऱ्या गोलमेज परिषदेस निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजीं बोटीवरून त्यांनीं ठक्कर यांना लांबलचक पत्र लिहिलें. शाळा, औषधें, शिष्यवृत्त्या यांना त्यांचा विरोध नव्हता; पण संघानें आपलें बळ आधीं नागरिक हक्कांच्या मोहिमेवर लावावें, असें त्यांचें म्हणणें होतें. गांवची विहीर, शाळेंतली जागा, चावडी, सार्वजनिक वाहनें यांवरचा हक्क बजावावा. त्यांत दंगे होतील, बहिष्कार पडतील, ते सोसावेत. गिरण्यांतील विणकाम खात्याचें दार उघडावें; तुटलेला धागा तोंडाच्या ओलीनें जोडावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथें मज्जाव होता, आणि तेथील मजुरी अधिक होती. आणि हें काम करणारे नोकर शक्यतों त्याच समाजांतले असावेत.

संघानें हा मार्ग पत्करला नाहीं. गांधीजींची बाजू प्रामाणिकपणें सांगावयाची तर ती अशी: संघ ही ऋण फेडणारांची संस्था आहे, पाप सवर्णांनीं केलें, प्रायश्चित्त त्यांनींच घ्यावें, धनकोनें ऋणकोच्या मंडळांत बसण्याचें कारण नाहीं, वाटल्यास बाहेरून सल्ला द्यावा. या विचारांत नैतिक उंची आहे, हें नाकारणार नाहीं. परंतु कर्ज किती, तें कोणत्या नाण्यांत फेडावयाचें आणि केव्हां, हें ऋणकोनेंच ठरवावयाचें, ही रीत मला तरी कोणत्याहि सावकारी वहींत आढळलेली नाहीं. धनको विहीर मागत होता. ऋणको पाटी-पेन्सिल देत होता. पाटी-पेन्सिलहि हवीच होती, आणि ती मिळालेले कित्येक विद्यार्थी पुढें आले, हेंहि तितकेंच खरें. आंबेडकर मात्र संघापासून दूर झाले.

महाडचा दावा इकडे चालूच होता. महाडचें कोर्ट झालें, ठाण्याचें अपील झालें, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत आलें. तेथील एक न्यायमूर्ति ब्रूमफील्ड. १९२२ सालीं अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे ते हेच. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि आहे हें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं अपील फेटाळलें गेलें. परिषदेनें चाळीस रुपयांचें पाणी विकत घेतलें त्याला त्या दिवशीं दहा वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस कमी होते.