पाइनच्या रानांतील कबरी

स्वीडिश भाषेंत दफनभूमीला ‘चर्चचें आवार’ अशा अर्थाचा शब्द आहे. स्टॉकहोमच्या दक्षिणेस असलेल्या ‘स्कूग्सशिर्कोगोर्डेन’च्या नांवांत त्या शब्दाच्याही आधीं ‘अरण्य’ येतें. आणि प्रत्यक्षांतही तेथें मान अरण्याचाच पहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शहराला नवी दफनभूमि हवी होती. त्यासाठीं निवडलेली जमीन म्हणजे पाइनचें रान आणि त्यांत खडी काढून पडलेले जुने खड्डे. १९१५ सालच्या चढाओढींत गुन्नार आस्प्लुंड व सिगुर्द लेवेरेंत्झ यांचा आराखडा पहिला ठरला. दोघेही ऐन तिशींतले. रानांत कबरी असाव्यात ही कल्पना त्यांचीच होती असें नव्हे. म्युनिक येथें हान्स ग्रेसेल यानें १९०७ सालींच तसा प्रयोग केला होता. परंतु झाडें न तोडतां, बागेचा थाट न मांडतां, उंच खोडांच्या मध्यें ठेंगण्या शिळा ठेवाव्या आणि बाकीचें काम रानाच्या शांततेवर सोंपवावें, हा संयम या दोघांनीं जसा पाळला तसा क्वचितच कोणीं पाळला असेल.

१९२० सालीं आस्प्लुंडचें पहिलें प्रार्थनामंदिर झालें. बाहेरून पाहावें तर झाडींत दडलेली झोंपडी. आंत पाऊल टाकावें तर शुभ्र घुमट आणि वरून उतरणारा उजेड. लेवेरेंत्झचें पुनरुत्थान-मंदिर १९२५ चें. त्याकडे जाणारी वाट ८८८ मीटर लांब, रानांतून अगदीं सरळ. शोकाकुल मनुष्याला तेवढें चालणें लागतेंच, हें त्या वास्तुविशारदानें जाणलें असावें.

पुढें मोठें दाहगृह बांधण्याची वेळ आली, तेव्हां चालकांनीं लेवेरेंत्झला दूर सारून तें काम एकट्या आस्प्लुंडकडे दिलें. वीस वर्षांचा सहकार असा तुटला. चालकांना कामाची निकड असेल. तथापि ज्यानें त्या भूमीचा चढउतार घडविला त्याच्याशीं हें वर्तन कठोरच म्हटलें पाहिजे. १९४० सालीं दाहगृह पुरें झालें आणि त्याच वर्षीं आस्प्लुंड वारला. त्याची रक्षा तेथेंच आहे. लेवेरेंत्झ धातूच्या खिडक्या-दारें करण्याच्या धंद्यांत शिरला. ज्या चर्चवास्तूंमुळें तो पुन्हां नांवारूपास आला, त्या त्यानें सत्तरी उलटल्यावर बांधल्या.

१९९४ सालीं ही भूमि जागतिक वारशांत गणली गेली. मुख्य द्वारांतून आंत शिरलें कीं डावीकडे आस्प्लुंडचें दाहगृह व काळ्या ग्रॅनाइटचा क्रूस दिसतो. उजवीकडे एल्म वृक्षांची गोल टेकडी. ती लेवेरेंत्झची.