स्त्रीनिंदा आणि सार्वजनिक वाद

सार्वजनिक वादात स्त्री उतरली की तिच्या युक्तिवादाऐवजी तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. हा प्रकार समाजमाध्यमांबरोबरच जन्मास आला, असे मानणे इतिहासास धरून होणार नाही.

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. 'पुणे वैभव' पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीवर्गास दूषणे दिली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले आणि एकट्या स्त्रीस दोषी ठरविणारी पुरुषी नीतीच तपासणीस घेतली. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र उपलब्ध नाही.

साधने बदलली, रीत टिकली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ स्त्री-राजकारण्यांना उद्देशून आलेल्या ट्विटरवरील मजकुराची अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने पाहणी केली. तीत सुमारे सात संदेशांपैकी एक आक्षेपार्ह वा अवमानकारक आढळला. अशा निंदेचा रोख मत खोडण्याकडे नसून बोलणारीस गप्प करण्याकडे असतो.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. भंडारा जिल्ह्यातील आसगावसारख्या गावातही त्यामुळे स्त्रीस पंचायतीत स्थान मिळते. परंतु कायदा आसन देतो, निर्भयता देत नाही. ताराबाईंचा प्रश्न म्हणूनच अद्याप संपलेला नाही.