ब्लू होल (दहाब)

ब्लू होल हे इजिप्तमधील सिनाई द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यावर, दहाब या गावाच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावर असलेले तांबड्या समुद्रातील खोल विवर आहे. किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तीत असलेल्या या विवराची खोली सुमारे १०० मीटर आहे. विवरातून खुल्या समुद्रात जाणाऱ्या पाण्याखालील बोगद्यामुळे हे स्थळ जगभरातील पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याच बोगद्याच्या परिसरात झालेल्या मृत्यूंमुळे ते कुप्रसिद्धही झाले आहे.

रचना

विवराचे तोंड किनाऱ्याला लागूनच असल्यामुळे येथे उतरण्यासाठी नावेची गरज भासत नाही. विवरातून समुद्रात जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सुमारे ६ मीटर खोलीवरील उथळ खिंडीतून जातो; तिच्या आकारावरून तिला ‘सॅडल’ (खोगीर) म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे ‘आर्च’ (कमान) हा बोगदा. त्याची लांबी सुमारे २६ मीटर असून त्याचे छतच सुमारे ५५ मीटर खोलीवर आहे. समुद्राच्या बाजूस प्रवाळभित्तीचा कडा १०० मीटरहून अधिक खोल उतरतो.

जीवसृष्टी

दहाब कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. तरीही तांबड्या समुद्राचे पाणी उबदार व स्वच्छ असल्याने येथे उष्ण कटिबंधातल्यासारखे प्रवाळ वाढतात. भित्तीच्या वरच्या, सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या भागात प्रवाळ व रंगीबेरंगी मासे विपुल आहेत. हे सौंदर्य पाहण्यासाठी बोगद्यापर्यंत जावे लागत नाही. विवराच्या उत्तरेकडील ‘बेल्स’ नावाच्या अरुंद कपारीतून उतरून, कड्याच्या कडेने सॅडलमार्गे विवरात परतणे हा येथील प्रचलित मार्ग आहे.

बोगद्यातील धोके

हौशी स्कूबा पाणबुड्यांसाठी ४० मीटर ही सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते. आर्चचे छत त्याहून सुमारे १५ मीटर खाली आहे. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणून ५५ मीटरवर तो पृष्ठभागाच्या साडेसहापट होतो व हवाही त्याच प्रमाणात खर्च होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या व्यक्तीला तेथे १३० लिटर लागते. २०० बार दाबाने भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत सुमारे २,४०० लिटर हवा मावते. म्हणजे ती टाकी त्या खोलीवर सुमारे १८ मिनिटांत रिकामी होईल. उतरणे, बोगदा ओलांडणे आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर येणे या साऱ्यांसाठी एवढी हवा पुरेशी नसते.

या खोलीवर हवेतील नायट्रोजनमुळे मद्यासारखी गुंगी येते व निर्णयशक्ती मंदावते. आणखी खाली ऑक्सिजनही विषारी ठरून झटके येऊ शकतात. त्यातच बाहेरून येणारा निळा प्रकाश व स्वच्छ पाणी यांमुळे बोगदा प्रत्यक्षाहून आखूड भासतो. आत येणारा प्रवाह असल्यास तो ओलांडण्यास अधिक वेळ लागतो. बोगद्याचे तोंड नजरेतून निसटले, तर शोधणारा पाणबुड्या गुंगीच्या भरात आणखी खोल जाऊ शकतो. बोगद्याच्या आत असताना डोक्यावर खडक असल्यामुळे संकटात सरळ वर येता येत नाही.

उल्लेखनीय दुर्घटना

एप्रिल २००० मध्ये एका तरुण प्रशिक्षकाचा येथे ९० मीटरहून अधिक खोलीवर मृत्यू झाला. त्याच्यासोबतच्या कॅमेऱ्यात त्याची अखेरची बुडी चित्रित झाली होती. जुलै २०१७ मध्ये इटलीची अलेसिया झेक्किनी एका श्वासात आर्च पार करीत असताना, तिच्या सुरक्षेसाठी पाण्यात उतरलेला आयरिश पाणबुड्या स्टीफन कीनन मरण पावला. झेक्किनी बचावली. या दोघांवरील ‘द डीपेस्ट ब्रेथ’ हा माहितीपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. विवराशेजारील खडकावर मृत पाणबुड्यांच्या स्मरणार्थ पाट्या लावलेल्या आहेत.

सुरक्षित मार्ग

खोल बुडीचे विशेष प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे आर्च पार करतात. त्यासाठी ते हेलियम मिसळलेला श्वसनवायू व एकाहून अधिक टाक्या वापरतात आणि वर येतानाचे थांबे आधीच निश्चित करतात. साध्या हवेच्या एका टाकीवर हा बोगदा पार करणे मात्र अत्यंत धोक्याचे मानले जाते.