दिल्लीच्या ट्रामची वाट

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली, आणि तिच्या आठवणी मराठी घरांतून आजही निघतात. परंतु ज्या दिल्लीत आपल्या पिढ्या नांदल्या, तेथेही ट्राम होती व ती १९६३ सालीच बंद झाली, हे आपल्या मुलाबाळांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ती वाट शोधावी म्हणून आम्ही काही मंडळी एका रविवारी सकाळी जामा मशिदीपाशी जमलो.

दिल्लीत विजेची ट्राम ६ मार्च १९०८ रोजी सुरू झाली. मुंबईत ती १९०७ साली आली होती. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा १९११ सालची. म्हणजे ट्राम ही राजधानीहूनही वडील! भरभराटीच्या काळात, १९२१ च्या सुमारास, सुमारे १५ किलोमीटर मार्गावर २४ उघड्या गाड्या धावत.

मशिदीच्या मागील अंगाने आम्ही चावडी बाजारात शिरलो. हे नाव आपल्या 'चावडी'वरूनच पडले, असे सांगतात. दिल्लीवर १८०३ पर्यंत शिंद्यांचा वरचष्मा होता, हे ध्यानी घेता त्यात नवल नाही. कागदाच्या व लग्नपत्रिकांच्या दुकानांतून वाट काढीत हौज काझी, पुढे लाल कुआँ, कटरा बडियाँ आणि फतेहपुरी असे आम्ही चालत गेलो. तेथून ट्रामचे फाटे सदर बाजार, सब्जी मंडी, बाडा हिंदुराव, तीस हजारी आणि पहाडगंज या भागांपर्यंत पोहोचत. रूळ मात्र कोठेच दृष्टीस पडले नाहीत.

गर्दीमुळे ट्राम गेली आणि तिची जागा बसने घेतली, असे आपण सहज म्हणतो. शहराची बससेवा पूर्वी ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनीकडे होती. ती अपुरी पडते असे पाहून मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली; पुढे १९७१ साली दिल्ली परिवहन निगम स्थापन झाले. या बसने वाढत्या नगरीची मोठी सेवा केली, यात शंका नाही. परंतु आजची बस अजमेरी दरवाजा, तुर्कमान दरवाजा, दिल्ली दरवाजा असा जुन्या शहराला बाहेरून वळसा घालते. चावडी बाजाराच्या पोटात ती शिरत नाही. ट्राम गेली तेव्हा वळशाच्या आत राहणाऱ्यांच्या दाराशी येणारे वाहन गेले. त्यांच्या वाट्यास पायपीट आणि सायकल रिक्षा आली. गर्दी होती तेथेच राहिली.

आश्चर्य असे की, रूळ पुन्हा त्याच ठिकाणी परतले. मेट्रो २००२ साली तीस हजारीस आली. २००५ साली ती चांदणी चौक व चावडी बाजार येथे भूमिगत धावू लागली आणि २०१७ साली जामा मशिदीस पोहोचली. २०२१ पासून तर लाल किल्ला ते फतेहपुरी या रस्त्यावर दिवसा मोटारींना मज्जाव आहे. ज्या गर्दीपायी ट्राम हटवली, तिच्यासाठी अखेर मोटारींना हटावे लागले. वाट चुकीची नव्हती, एवढे यावरून निश्चित होते.

चालून थकलेले आम्ही मेट्रोनेच परतलो. मनात एकच विचार होता. पहाडगंज हे दिल्लीतील मराठी माणसाचे जुने ठाणे. आपली नूतन मराठी शाळा तेथेच. ट्राम बंद झाली तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या घरात असे कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांस आजच विचारावे: ट्राममध्ये कोठे चढत होता, भाडे किती पडे, शेजारी कोण बसे? आणि ते लिहून ठेवावे. रूळ उखडले तरी वाट उरते. सांगणारे गेले की मात्र तीही बुजते.