अळंबी : रानातून घरात



बचत गटाच्या बैठकीत धंद्याचा विषय निघाला की पापड, लोणची, शेळ्या, कोंबड्या यांच्यामागून हल्ली अळंबीचं नाव येतंच. जमीन लागत नाही, एक खोली पुरते, महिन्याभरात माल हातात येतो, असं कुणीतरी सांगतं. यातलं काही खरं आहे, काही अर्धंच खरं आहे. ते पारखायचं तर अळंबीचा इतिहास थोडा माहीत हवा. माणसं हजारो वर्षं अळंबी खात आली, पण ती पिकवायला फार उशिरा शिकली. उशीर का झाला, यातच या धंद्याची मेख आहे.

हा इतिहास सांगायला मी मुंबईतलं मरोळ निवडलं आहे. तुम्ही म्हणाल, मुंबईत कसली शेती? पण अळंबीला लागणारं रान, भाताचा पेंढा आणि बाजार या तिन्ही गोष्टी मरोळला एकमेकींना लागून होत्या. त्यांतलं काय गेलं आणि काय राहिलं, हे आपल्या गावांनाही शिकण्यासारखं आहे.

आज मरोळ म्हटलं की मेट्रोचं स्टेशन, कारखाने आणि विमानतळाजवळची हॉटेलं डोळ्यांसमोर येतात. पण हे साष्टी बेटावरचं जुनं गाव. पोर्तुगीज अमलात, १५७९ साली इथून जवळच एक चर्च बांधलं गेलं. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगामुळे तिथली वस्ती उठली आणि लोक मरोळ गावठाणात आले. त्या चर्चचे पडके अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. साष्टीचं मुख्य पीक भात. भात आला की पेंढा आला. तो गुरांना घालायचा, छपरावर टाकायचा, उरला तर राब भाजायला वापरायचा. याच पेंढ्यावर अळंबी पिकते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मरोळच्या उत्तरेला मरोशी आणि त्यापलीकडे आरेचं रान. तिथल्या पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी आदिवासींची वस्ती आजही आहे. पहिल्या पावसानंतर शेवळं, टाकळा, कुरडू, कंटोळी अशा रानभाज्या काढून त्या शहरात विकायच्या, हे पाड्यांवरच्या बायांचं पावसाळ्यातलं काम. अळंबी ही याच मोसमातली चीज. रानभाजीचं ज्ञान बाईच्या डोळ्यांत असतं. कुठल्या वारुळापाशी, कुठल्या पावसानंतर, कोणती घ्यायची आणि कोणती टाकायची, हे आईकडून लेकीकडे येतं.

अळंबीला आपल्याकडे नावं तरी किती! कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या आणि टेकोडे, शेतकी पुस्तकांत अळिंबी किंवा भूछत्र. नावं इतकी आहेत म्हणजे खाणारेही सर्वदूर होते. मात्र सगळ्या घरांत ती शिजत नसे. मनुस्मृतीनं लसूण, कांदा आणि अळंबी यांना एकाच यादीत बसवून द्विजांना वर्ज्य ठरवलं. जैन घरांतही ती चालत नाही. त्यामुळे अळंबीचं ज्ञान टिकलं ते रानाजवळच्या आणि कष्टकरी घरांत. त्या ज्ञानाला कुणी शास्त्र म्हटलं नाही, हा भाग वेगळा.

इथे एक सावधगिरीची सूचना. विषारी अळंबी ओळखायची म्हणून चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळा होतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, असं पाहतात. यातली एकही खूण खरी नाही. सर्वांत घातक जातींचं विष सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा लक्षणं दाखवतं. उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची नसलेली रानातली अळंबी खाऊ नका, विकू तर अजिबात नका. खाऊन त्रास झालाच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

वारुळावरच्या अळंबीची एक गंमत सांगते. ती उगवते ती वाळवीनं वारुळाच्या पोटात बुरशीची बाग लावलेली असते म्हणून. ही शेती वाळवी अंदाजे तीन कोटी वर्षांपासून करते आहे. माणसाला मात्र ही जात वाळवीशिवाय शेतात काढणं अजून साधलेलं नाही. म्हणजे रानातल्या सर्वांत चविष्ट अळंबीचं बी आपल्या हातात नाही. वारूळ फोडलं, झाडं तोडली की ती गेली. आरेतच पाहा. १९४९ साली सरकारनं दूध वसाहतीसाठी तिथली हजारो एकर जमीन घेतली आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे नेल्या. पुढे रान आणखी आक्रसत गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली. पालापाचोळा आणि कुजकं लाकूड नसेल तर रानातली अळंबी उगवणार कशावर?

मग माणसानं अळंबी पिकवली कशी? अळंबीला झाडासारखं बी नसतं. तिच्या छत्रीखालून डोळ्यांना न दिसणारी बारीक पूड उडते, तिला बीजाणू म्हणतात. ते मुठीत धरून पेरता येत नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्समधले माळी जुन्या वाफ्यातली बुरशी लागलेली लीद उचलून नव्या लिदीत घालत. टूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७०७ साली ही रीत लिहून ठेवली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसखालच्या दगडखाणींच्या अंधारात ही शेती वाढली. पण लिदीबरोबर रोग आणि किडेही जात. कधी पीक येई, कधी सगळं सडे. १८९४च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बीजाणूंपासून शुद्ध बियाणं तयार झालं. १९३२ साली अमेरिकेत सिंडेन यांनी धान्याच्या दाण्यांवर ते वाढवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला स्पॉन म्हणतो ते हेच. उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढलेली पांढरी बुरशी. पिकवायला उशीर झाला तो या स्वच्छ बियाण्यासाठी.

ही झाली बटण अळंबीची गोष्ट. तिला थंडी लागते, फळ धरताना साधारण १४ ते १८ अंश. म्हणून भारतात तिचं बस्तान बसलं ते हिमाचलातल्या सोलनला, जिथे १९६१ साली या कामाची योजना सुरू झाली. आपल्या उन्हाळ्यात ती वातानुकूलित खोलीशिवाय जमत नाही. म्हणजे वीज आली, यंत्रं आली, मोठं कर्ज आलं.

आपल्या कामाची गोष्ट दक्षिणेकडे घडली. १९४३ साली कोईमतूरला भाताच्या पेंढ्यावर पेंढ्याचीच एक अळंबी काढून दाखवली गेली. मग १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो या शास्त्रज्ञ बाईंनी एच. सी. श्रीवास्तव यांच्यासोबत पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, २० ते ३० अंशांत येणारी, आपल्या हवेला मानवणारी अळंबी. १९७०च्या दशकात जंडाईक आणि कपूर या शास्त्रज्ञांनी धिंगरीची एक जात भाताचं काड आणि केळीच्या खांबाचे तुकडे यांवर काढली. ज्या वस्तू आपण उकिरड्यावर टाकत होतो त्यांना मोल आलं. १९८३ साली अळंबी सुधारणेचा देशपातळीवरचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचं एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आलं. महाराष्ट्रात धिंगरीचं शिक्षण पसरायला तिथून बळ मिळालं.

रीत थोडक्यात सांगते. भाताचं, गव्हाचं किंवा सोयाबीनचं कोरडं काड बारीक तोडून भिजवायचं, कडक गरम पाण्यात तासभर ठेवून निथळायचं. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देत स्पॉन घालायचं, ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के. पिशवीला भोकं पाडून ती १५ ते २० दिवस अंधारात ठेवायची. आत सगळं पांढरं झालं की पिशवी काढायची, खोलीत ओल आणि खेळती हवा ठेवायची, पाणी फवारायचं. पुढच्या आठवड्याभरात पहिला तोडा येतो, नंतर आणखी दोन. एक किलो कोरड्या काडामागे सगळे तोडे मिळून अर्धा ते पाऊण किलो माल येतो. छत्र्यांच्या कडा वर वळण्याआधीच तोडा. खोलीत शिरताना तोंडाला फडकं बांधा. धिंगरीची पूड रोज छातीत गेली तर खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो.

आता पुन्हा मरोळकडे वळू. १९७३ साली तिथे सीप्झ उभं राहिलं. औद्योगिक वसाहत, विमानतळ, रस्ते यांत साष्टीची खाचरं बुजली. पेंढा गेला. खाणारी माणसं मात्र वाढली आणि अळंबी हॉटेलांच्या ताटात आली. म्हणजे जिथे काड होतं तिथे बियाण्याची विद्या पोचली नव्हती, आणि विद्या आली तोवर तिथे काड उरलं नव्हतं. तुमच्या गावात आज काड आहे आणि विद्याही पोचते आहे. ही संधी मरोळच्या बायांना मिळाली नाही.

पण तिसरी गोष्ट बाजार, आणि गट बुडतात ते इथेच. हिशेब करून पाहा. एकेक किलो कोरड्या काडाच्या १०० पिशव्या एकाच दिवशी भरल्या, तर पहिल्या तोड्यात चार-पाच दिवसांत २५ ते ३० किलो माल येईल. ताजी अळंबी एक-दोन दिवसांत मलूल होते. आपल्या आठवडी बाजारात ती एवढी खपेल का?

याचं एक उत्तरही मरोळलाच आहे. सुक्या मासळीचा मुंबईतला मोठा घाऊक बाजार मरोळचा. बोंबील, जवळा, सुकट घेऊन कोळणी तिथे येतात. ताजी मासळी संध्याकाळपर्यंत नासते, तीच उन्हात वाळवली की महिनोन्‌महिने टिकते आणि दूरवर जाते. नाशवंत मालाचा टिकाऊ माल करण्याची ही युक्ती बायांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपली. धिंगरीही तशीच वाळते. १० किलो ताज्या मालाची साधारण एक किलो सुकी होते. ती कोरड्या डब्यात राहते, सूपात, भाजीत, मसाल्यात चालते. मात्र १० किलोचा एक किलो होतो, हे ध्यानात ठेवूनच दर ठरवा.

दुसरं उत्तर म्हणजे गट. एका बाईनं १०० पिशव्या भरण्यापेक्षा चौघींनी २५-२५ पिशव्या पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं भरल्या, तर माल थोडा थोडा आणि सतत येतो. गिऱ्हाईक टिकतं ते सततच्या मालावर. एकीचा बेड हिरव्या बुरशीनं गेला तरी सगळ्यांचं नुकसान होत नाही. स्पॉनही गटानं एकत्र मागवावं. १०० पिशव्यांना ते पाच-सहा किलो लागतं.

आणि कुणी येऊन म्हणालं, 'अमुक हजार भरा, बी आमचं, माल आम्हीच परत घेणार', तर थांबा. इतिहास काय सांगतो? ज्याच्या हाती बियाणं, त्याच्या हाती धंदा. बियाणं आणि बाजार दोन्ही एकाच्याच मुठीत गेले, तर आपल्याकडे उरते नुसती मजुरी, तीही आपल्याच भांडवलावर. माल कोणत्या दरानं घेणार, वाहतूक कुणाची, नाकारला तर काय, हे कागदावर लिहून मागा. त्याच माणसाला माल देणाऱ्या दोन बायांना आधी भेटा. शिकायचं असेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ गाठा.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न वहीत लिहा. आपल्या शिवारात कोरडं, न भिजलेलं काड किती आणि कोणत्या महिन्यांत मिळतं? स्पॉन कुठून येणार आणि ते किती दिवसांचं असेल? पहिल्या तोड्याचे २५ किलो कोण घेणार, त्यांची नावं काय? तिसऱ्या प्रश्नासमोर नावं लिहून झाली की मगच पहिली पिशवी भरा. तोवर चार पिशव्या घरी लावून बघा, पोरांना भाजी खाऊ घाला, हात बसवा.